खुशालरावांचे गप्प बॉक्स

दिनांक २४ जून २०२४, सोमवार. या दिवशी खुशालराव गावंडे यांनी अमरावतीला राजापेठेत एका घरमालकाला रोख एकवीस हजार तीनशे पंचाहत्तर रुपये मोजून दिले आणि कमरेएवढ्या उंचीचे दोन जुने स्पीकर विकत घेतले. मी सोबत होतो. घरमालक मुलाकडे पुण्याला राहायला चालला होता आणि तिथल्या फ्लॅटमध्ये एक तर हे स्पीकर मावत होते, नाहीतर तो. त्याने बावीस हजार सांगितले होते. खुशालराव आयुष्यभर काट्यावर बसलेला माणूस. पासंग काढावा तसे त्यांनी त्यातून सव्वासहाशे काढून घेतले.

खुशालराव आमच्या अकोल्याच्या सहकारी जिनिंग संस्थेत काटाबाबू होते. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचे, गाडी रिकामी झाली की पुन्हा घ्यायचे आणि चिठ्ठी फाडून माझ्याकडे हिशेबाला पाठवायची, एवढे त्यांचे काम. मी त्याच संस्थेत लेखापाल आहे. माझ्या निवृत्तीला थोडे महिने राहिले आहेत, ते मे महिन्यात सुटले. त्यांच्या खोलीची मागची भिंत आणि जिनच्या यंत्रांची भिंत एकच. हंगामात यंत्रे सुरू झाली की त्यांची खोली थरथरायची. टेबल थरथरायचे, टेबलावरचा चहा थरथरायचा आणि चहा पिणारे खुशालरावही. दिवाळीनंतर त्यांची सही वाचता येत नसे. उन्हाळ्यात ती पुन्हा सुवाच्य व्हायची.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय मागेल? खुशालरावांना तंबाखू नाही, पत्ते नाहीत, राजकारण तर नाहीच. त्यांना तबल्याचे वेड. ऐकण्याचे, वाजवायला हात कधी स्थिर राहिलाच नाही. ते मला म्हणाले होते, “तायडेसायेब, मले आता घरात बसून डग्ग्याची एक थाप ऐकायची हाय. नुसती थाप. तिच्या मांगून काही थरथरलं नाई पायजे. बस.”

अकोल्याच्या मोठी उमरी भागातल्या त्यांच्या घरी समोरच्या खोलीत स्पीकर लागले. पहिली थाप पडली. खुशालरावांचा चेहरा पडला. थापेच्या मागून बॉक्स ‘घूंऽऽ’ करून अर्धा मिनिट बोलत राहिला. दुसरी थाप पहिलीच्या ‘घूं’मध्ये बुडाली. तिसरीला भिंतीवरची फळी हलली. चौथीला लीलाबाईंची लोणच्याची बरणी फळीवरून सरकत सरकत कडेला आली आणि कोणी उठायच्या आत खाली पडली.

वर्षाचे लोणचे होते. फोड अजून मुरली नव्हती.

लीलाबाई म्हणजे खुशालरावांची बायको. बाई कमी बोलते, पण बोलते ते शिक्का मारून. तिने आधी फरशी पुसली, मग पदर खोचला, मग बोलली, “पोळ्यापर्यंत मुदत. पोळ्याले घरात माणसं येतात. तवापर्यंत याची थरथर बंद झाली तर राहू द्या. नाई तर अश्विनले फोन लावते, थो घेऊन जाईन.”

अश्विन हा तिचा धाकटा भाऊ. चांदूर रेल्वेला स्टेशनजवळ त्याचे चहा-नाश्त्याचे हॉटेल आहे. स्पीकर आल्याचे कळल्यापासून त्याचा डोळा त्यांच्यावर होता. फोनवर तो म्हणाला, “बाई, मले फाटका आवाज बी चालते. गिऱ्हाईक कुठी आवाज तोलून घेते?”

तोलून हा शब्द खुशालरावांना लागला.

त्यांनी दुसऱ्या दिवसापासून अभ्यास सुरू केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, आणि ते मला आजही पटते. स्पीकरमध्ये बोलायचे काम गोल कर्ण्याचे. लाकडी बॉक्सचे काम त्याला धरून ठेवायचे. पण बॉक्सच्या फळ्या पातळ असल्या की कर्ण्याबरोबर त्याही हलतात, हलल्या की त्यांचाही आवाज निघतो, आणि तो मूळ आवाजाच्या मागून येऊन त्याच्यावर चढतो. म्हणून फळ्या जड करायच्या, आतून आधार देऊन ताठ करायच्या, किंवा त्यांच्यावर असे काही लिंपायचे की त्यांचा थरथराट तिथेच जिरावा. “बॉक्सनं गप राह्यलं पायजे,” खुशालराव सांगायचे. “एकानं बोलावं, दुसऱ्यानं गप बसावं. तवा आवाज साफ येते.”

“मंग घरात बी तसंच करा,” लीलाबाई आतून म्हणाली.

पहिली पायरी टकटकीची. बाजारात माठ घेताना बोटाच्या गाठीने वाजवून पाहतात, तसे ते फळी वाजवून पाहायचे. ‘टण्ण’ वाजली तर फळी बोलकी. ‘ठप्प’ वाजली तर गप्प. दोन्ही बॉक्स सगळीकडून टण्ण वाजत होते. मग त्यांना सवयच लागली. दार, कपाट, गव्हाची कोठी, दुधी भोपळा, जे दिसेल ते वाजवायचे. मी एकदा सदरा न घालता बसलो होतो तर माझी पाठ वाजवली आणि म्हणाले, “ठप्प. चांगलं लाकूड हाय.”

मग वजन. लीलाबाईंचा पाटा उचलून त्यांनी उजव्या बॉक्सवर ठेवला. संध्याकाळी मी गेलो तर तबला चालू होता आणि लीलाबाई बॉक्ससमोर उभी राहून पाट्यावर मिरची वाटत होती.

“वहिनी, इथं?”

“मंग काय करू जी? पाटा उचलाची माझ्यात ताकत नाई, अन् यायच्यात ठेवाची अक्कल नाई. पन एक सांगते, वाटन चांगलं होऊन राह्यलं. हात कमी लागते.”

यातून एक वाईट गोष्ट झाली. लीलाबाईंच्या ध्यानात आले की बॉक्सवर ताट ठेवून तबला लावला की तुरीची डाळ आपोआप निवडली जाते. डाळ एकीकडे सरकते, खडे दुसरीकडे. तिने ही गोष्ट गल्लीत सांगितली. तिसऱ्या दिवशी शेजारणी आपापली ताटे घेऊन आल्या. कोणी मूग आणले होते, कोणी ज्वारी. खुशालराव डोळे मिटून डग्गा ऐकत बसले की मागून आवाज यायचा, “भाऊ, जरा मोठं करा ना, माहे हरबरे जड हाय.”

“हे सूप नोय, बाई! हे संगीत हाय!”

“हो जी. सूप बी वाजतेच ना.”

खुशालरावांनी त्या दिवशी पाटा परत केला आणि बॉक्स मागून उघडला.

आत त्यांनी मोडक्या शिडीचे दांडे कापून आडवे ठोकले, म्हणजे समोरासमोरच्या फळ्या एकमेकींना धरून राहतील. खाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे थरथर जमिनीत जाणार नाही. मग स्क्रू-ड्रायव्हरचे टोक फळीवर आणि मूठ कानाला लावून, जिनमधला फिटर बेअरिंग तपासतो तसे, ते तासन्‌तास ऐकत बसले. फरक पडला. ‘घूंऽऽ’चे ‘घूं’ झाले. पण गेले नाही. फळ्या ताठ झाल्या होत्या, आवाज जिरत नव्हता.

एक दिवस ते दुपारी माझ्याकडे संस्थेत आले. निवृत्त माणूस कामाच्या जागी आला की सगळे जरा सावरून बसतात. काही मागायला आला असेल असे वाटते. खुशालराव थेट आमच्या गोदामात गेले. तिथे सरकीच्या ढेपेची पोती भिंतीला लावून रचलेली असतात. सरकीतले तेल काढून जो चोथा उरतो ती ढेप, गुराढोरांना घालतात. खुशालराव पोत्यांमागच्या भिंतीला हात लावून उभे राहिले. मग मला बोलावले.

“हात लावा.”

मी लावला.

“काय वाटते?”

“भिंत.”

“तेच तं! पलीकडून तेलाचा घाणा चालू हाय. माह्या खोलीची भिंत थरथरे, हे भिंत गप. काहून? मधात ढेप हाय म्हनून! तीस वरसं मी थरथरलो, सायेब, अन् इलाज इथं गोदामात पडला होता!”

त्यांनी नगद पैसे देऊन एक पोते घेतले. मी पावती फाडली. ‘कशासाठी’ या रकान्यात त्यांनी ‘घरगुती’ लिहायला लावले.

घरी अंगणात घमेल्यात ढेप भिजली. पण नुसती ढेप वाळली की भुगा होऊन पडते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून चिकट व्हावी यासाठी त्यांनी त्यात गुळाचे पाणी घातले. जुन्या चुन्यात गूळ घालायचे हे त्यांनी ऐकले होते. किडे होऊ नयेत म्हणून मूठ-दोन मूठ मीठ घातले. घट्टपणासाठी थोडी कणीक. मग पाय धुऊन ते तुडवायला उभे राहिले.

लीलाबाई दारात येऊन पाहत राहिली. “ढेप, गूळ, मीठ, कनिक. हे बॉक्सले लावून राह्यले का बॉक्सले चारून राह्यले?”

“तुले नाई समजत.”

“मले ढोराचं समजते. माह्या बापाच्या घरी म्हशी होत्या.”

तिच्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हाच समजायला हवा होता. पण मी कॉमर्सचा. ढोरांशी माझा संबंध ढेपेच्या विक्रीखात्यापुरता.

बोटभर जाडीचा थर दोन्ही बॉक्सना आतून सगळीकडे बसला. श्रावणातले ऊन म्हणजे आले तर आले. तरी खुशालराव बॉक्स अंगणात घ्यायचे, आत न्यायचे, पुन्हा अंगणात. वासाने कावळे आले, मुंग्या आल्या. शेवटी थर दगडासारखा झाला. मागच्या फळ्या बसल्या. खुशालरावांनी बोटाची गाठ मारली.

ठप्प.

दुसरीकडे मारली. ठप्प. त्यांनी मला फोन केला आणि हॅलो न म्हणता बॉक्स वाजवून दाखवला. मग तबला लावला. मी संध्याकाळी जाऊन ऐकला. मला संगीतातले कळत नाही, पण थाप पडली आणि संपली, हे मलाही कळले. बॉक्स चकार शब्द बोलला नाही. फक्त पुढच्या बाजूला हवा जायला जे मनगटाएवढे गोल भोक असते, त्याच्या काठावर खुशालरावांनी हौसेने थोडी ढेप बाहेरपर्यंत लिंपली होती. तिथून गुळाचा वास येत होता.

आता परीक्षा. ती खुशालरावांनीच सुचवली. काट्यावर असताना कपातला चहा पाहून ते खोली किती हलते हे सांगायचे, तशी ही. पोळ्याच्या दिवशी दोन्ही बॉक्सवर पाण्याने काठोकाठ भरलेली एकेक वाटी ठेवायची, तबल्याचा एक अख्खा तुकडा मोठ्या आवाजात लावायचा, आणि पाहायचे.

लीलाबाई म्हणाली, “ज्या बॉक्सवरच्या वाटीतला एक थेंब सांडला, थो बॉक्स चांदूरले जाईन. मंग रडायचं नाई.”

“कबूल.”

“तायडेभाऊ, तुमी पंच.”

मी होकार दिला. पंचाला जेवण असते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या गोवर्धनच्या बैलजोडीचे खांदे शेकले. गोवर्धन गल्लीच्या टोकाला राहतो, उमरीच्या मागे त्याचे शेत आहे आणि या भागात आता बैल त्याच्याकडेच उरले आहेत. त्यामुळे त्याची जोडी ती सगळ्या गल्लीची जोडी. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बैलांना जेवायचे आमंत्रण द्यावे लागते. खुशालराव भाविक माणूस. त्यांनी हळद-तूप लावलेल्या हाताने दोघांच्या खांद्यांना कुरवाळले आणि म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

दुसऱ्या दिवशी मी दुपारीच पोचलो. पुरणपोळ्या झाल्या होत्या. अश्विन चांदूरहून टेम्पो घेऊनच आला होता. टेम्पोत दोर होता, गोणपाट होते. माणूस तयारीनिशी आला होता.

“भाऊजी,” तो खुशालरावांना म्हणाला, “मी हॉटेलात जागा बी करून ठेवली. एक भज्याच्या कढईजवळ, एक गल्ल्याजवळ.”

“भज्याजवळ? माहा बॉक्स? अरे तेल उडन ना त्याच्यावर!”

“तुमी त्याच्यात ढेप भरली, मी तेल टाकतो. हिसाब बराबर. सरकी पुरी झाली.”

लीलाबाई हसली. खुशालराव हसले नाहीत. त्यांनी वाट्या आणल्या. स्वतः लोट्याने पाणी घातले, इतके की पाणी वाटीच्या काठावर फुगून उभे राहिले. उजव्या बॉक्सवर एक, डाव्यावर एक. एक थेंब पडू दिला नाही. मी वाकून दोन्ही वाट्या पाहिल्या आणि ‘भरल्या आहेत’ असे जाहीर केले.

तबला सुरू झाला.

मी उजवी वाटी पाहत होतो, अश्विन डावी. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. ठेका वाढला. डग्गा घुमला आणि थांबला, घुमला आणि थांबला. अश्विनने डाव्या वाटीवर हळूच फुंकर घातली, तर लीलाबाईने त्याच्या टाळूवर टपली मारली. “तू गप बस! बॉक्स शिकला, तू नाई शिकला!” सख्ख्या भावाला मारून ती पुन्हा पंचासारखी तटस्थ उभी राहिली, हे मला फार आवडले.

तुकडा अर्ध्यावर आला असेल तेव्हा बाहेर घुंगरमाळा वाजल्या. पोळा भरतो तिथले तोरण तुटून पोळा फुटला होता आणि गोवर्धन जोडी घेऊन घरोघर निघाला होता. आमच्या दाराशी आला. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. लीलाबाईने ताट घेतले, पायांवर पाणी घातले, ओवाळले. एका बैलाने पोळी घेतली आणि शहाण्यासारखा उभा राहिला. दुसरा बैल पाखऱ्या. त्याने पोळीकडे पाहिले नाही. त्याने नाक वर केले. हवेत काहीतरी वास घेतला. मग लीलाबाईला ताटासकट बाजूला सारून तो उंबरठा ओलांडून आत आला.

“पाखऱ्या! ए पाखऱ्या!” गोवर्धन ओरडला. पण कासरा त्याच्या हातातून सुटला होता.

पाखऱ्या खोलीच्या मधोमध क्षणभर थांबला. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. मग उजव्या बॉक्ससमोर मान खाली घातली, जीभ बाहेर काढली आणि त्या गोल भोकात घातली.

मी बैलाची जीभ एवढी लांब असते हे प्रथमच पाहिले.

“अरे काढा त्याले! काढा!” खुशालराव ओरडले.

“कसा काढू काका?” गोवर्धन म्हणाला. “आज पोळा हाय! आज बैलाले काडी लावता येते काय?”

हे खरे होते. वर्षभर बैलाला काहीही म्हणा, पोळ्याच्या दिवशी त्याला मारायचे नाही, ओढायचे नाही, शिवीसुद्धा द्यायची नाही. अश्विनने शेपटीला हात घातला तर लीलाबाई कडाडली, “खबरदार! देव हाय थो आज!” मग तिने पुरणपोळीचे आमिष दाखवले. पाखऱ्याने जीभ बाहेर काढून पोळी खाल्ली, तूप चाटले, आणि जीभ पुन्हा आत घातली. दुसरी पोळीही तशीच गेली. चौथ्या पोळीनंतर लीलाबाईने हात आखडता घेतला. माणसेही जेवायची होती.

“आवाज मोठा करा भाऊजी, भिऊन पयन थो!” अश्विनने सुचवले.

खुशालरावांनी आवाज वाढवला. पाखऱ्या पळाला नाही. उलट डग्ग्याची थाप जिभेला गुदगुल्या करत असावी. तो अजून पुढे सरकला आणि त्याने अख्खे कपाळ बॉक्सला टेकवले. मागे भिंत, पुढे बैल, मध्ये बॉक्स.

आणि खुशालराव एकदम स्तब्ध झाले. ओरडता ओरडता हात वरच राहिला.

“तायडेसायेब,” ते हळू म्हणाले. “ऐका.”

“काय?”

“ऐका ना जी. ऐकून तं पाहा.”

मी ऐकले. थाप पडत होती. नुसती थाप. पहाटे कोणीतरी रिकाम्या देवळात बसून वाजवावी तशी, कोरडी, गोल, एकटी. ढेपेकडून जी थोडी थरथर राहिली होती ती बैलाच्या कपाळाने बंद केली होती. खुशालरावांनी डोळे मिटले. त्यांच्या गालावरून पाणी आले. खोलीत बैल, शेणाचा वास, दारात गल्लीभर लोक, आणि हा माणूस मध्ये उभा राहून मान डोलावत होता.

“बैल देता का रे?” ते डोळे न उघडता गोवर्धनला म्हणाले.

“काका, पेरनीचा बैल हाय थो. गाण्याचा नाई.”

तुकडा संपला. शेवटची थाप पडली. पाखऱ्याने मान वर केली, समोर वाटी दिसली. ढेप खारट होती, त्याला तहान लागली असणार. त्याने बॉक्सवरच्या वाटीतले पाणी एका सुरक्यात पिऊन टाकले, वाटी जिभेने पुसून कोरडी केली, आणि मग समाधानाने दाराकडे वळला. वळताना शेपटीचा फटकारा डाव्या बॉक्सवर बसला. तिथली वाटी उडाली आणि पाणी अश्विनच्या सदऱ्यावर.

बैल बाहेर गेला.

मग सगळे एकदम बोलू लागले.

“दोनी वाट्या रिकाम्या!” अश्विन म्हणाला. “दोनी बॉक्स माहे. गोवर्धनभाऊ, धरा इकडून.”

“थांब!” खुशालराव बॉक्सला आडवे झाले. “थरथरीनं सांडलं काय? थरथरीनं एक थेंब नाई हालला! बैल पिला, बैलानं शेपटी मारली!”

“कायनं सांडलं हे कुठी ठरलं होतं?”

“अरे पन शेपटी बॉक्सची हाय काय?”

लीलाबाईने माझ्याकडे पाहिले. “तायडेभाऊ. तुमी पंच. उजवीकडलं पानी सांडलं काय?”

मी वाटी उचलून पाहिली, बॉक्सच्या माथ्यावरून हात फिरवला. कोरडा होता. “नाही वहिनी. उजवीकडे पाणी खर्च झाले आहे. सांडलेले नाही.”

“अन् डावीकडलं?”

मला खुशालरावांकडे पाहवेना. पण अश्विनच्या सदऱ्यातून पाणी गळत होते. “डावीकडचे सांडले.”

“झालं तं,” लीलाबाई म्हणाली. “उजव्या बॉक्सवर देवानं आवतन खाल्लं, पानी पिलं. त्याले आता कोनी हात लावायचा नाई, थो याच घरात राहीन. डावा अश्विनचा. बोलल्यापरमानं झालं. चला, पाट मांडा.”

“अवं, जोडी हाय थे!” खुशालराव म्हणाले. “जोडी कोनी तोडते काय? पोळ्याच्या दिवशी?”

लीलाबाई क्षणभर थांबली. मला वाटले, बधली. ती म्हणाली, “लोनचं बी जोडीनंच खात होतो आपन.”

डावा बॉक्स गोणपाटात गुंडाळून टेम्पोत गेला. खुशालराव जेवले, पण पोळीवर तूप घ्यायचे विसरले.

हे झाल्याला आता बरेच महिने झाले. उजव्या बॉक्सच्या पुढच्या फळीवर पाखऱ्याच्या कपाळाचा शेंदरी रंग अजून आहे. लीलाबाई सणावाराला त्याच्यावर हळदकुंकू वाहते, आणि बॉक्ससमोर पाय करून कोणाला बसू देत नाही. आतली ढेप निम्मी गेली आहे. खुशालरावांनी नवी लिंपायला घेतली तर तिने मना केले. देवाने खाल्लेले भरून काढायचे नसते म्हणते.

आता अडचण अशी की खुशालरावांच्या सतार-तबल्याच्या सगळ्या आवडत्या रेकॉर्डिंगमध्ये तबला डाव्या बाजूला आहे आणि सतार उजव्या बाजूला. त्यामुळे अकोल्याला सतार वाजते आणि तबला चांदूर रेल्वेला. यावर त्यांनी उपाय काढला. रोज दुपारी हॉटेलात गर्दी कमी असते तेव्हा ते अश्विनला फोन लावतात. दोघे एकच रेकॉर्डिंग तयार ठेवतात. खुशालराव “एक, दोन, तीन” म्हणतात, दोघे एकदम बटण दाबतात, आणि अश्विन मोबाइल बॉक्ससमोर धरतो. तबला थोडा उशिराने येतो. मधूनच “दोन पोहे, एक कट चाय” असेही येते. खुशालराव मान डोलावतात.

अश्विन वैतागला आहे. त्याचे म्हणणे, बॉक्स भज्याजवळ ठेवल्यापासून गिऱ्हाइकाआधी स्टेशनवरच्या बकऱ्या येऊन बसतात.

“मंग परत आनून दे ना,” खुशालराव म्हणतात.

“बाईले इचारा.”

बाईला विचारायची हिंमत त्यांनी अजून केलेली नाही. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ते उजव्या बॉक्सला दोन्ही हातांनी मिठी मारून, कपाळ टेकवून उभे होते. मी विचारले, “काय करून राह्यले, गावंडे?”

“बैलाएवढं वजन येत नाई, सायेब,” ते म्हणाले. “पन जरा फरक पडते.”

पोळ्याला घरोघर बैल फिरवून आणणाऱ्याला प्रत्येक घरून बोजारा म्हणून थोडे पैसे देतात. त्या संध्याकाळच्या गडबडीत खुशालरावांकडून गोवर्धनला तो द्यायचा राहिला. एकावन्न रुपये. अजून दिलेले नाहीत.